छायाचित्रण व व्हिडिओ : ललितकला पदवीतील अभ्यास

चित्र, शिल्प आणि मुद्राचित्रण (ठशांवरून छापायची चित्रे) यांच्या बरोबरीने कॅमेरा हेही कलावंताचे साधन मानून विद्यापीठाच्या ललितकला पदवीत दिले जाणारे शिक्षण. चित्रपट संस्थेतल्या शिक्षणाहून ते वेगळे आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी आणि संकलन हे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. ललितकलेचा विद्यार्थी बहुधा हे सगळे एकटाच करतो आणि शेवटी ते प्रेक्षागृहात नव्हे, तर दालनाच्या भिंतीवर मांडतो. भारतात या शिक्षणाची जुनी मुळे मुंबई, मद्रास आणि बडोदे येथे सापडतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मुंबई व बडोदे यांचा विचार केला आहे.

कॅमेरा कलाशाळेत आला तो कारागिरीच्या दाराने. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होते. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि मद्रासमध्ये अलेक्झांडर हंटर यांनी आपल्या कलाशाळेत हा विषय आणला. इमारती, शिलालेख आणि माणसे यांची नोंद ठेवणारे हात सरकारला हवे होते. सर ज. जी. कलाशाळा (‘जे. जे.’) १८५७ मध्ये सुरू झाली, पण तिच्या चित्रकला वर्गात छायाचित्राला बरोबरीचे आसन मिळाले नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचे शिक्षण या बाबतीत फार बोलके आहे. ते १८८५ मध्ये जे. जे.त दाखल झाले, मात्र कॅमेऱ्याशी त्यांची खरी गट्टी जमली ती बडोद्याच्या कलाभवनात. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये काढलेल्या या संस्थेचे प्राचार्य रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर होते. छायाचित्रण तिथे रसायने, ठसे आणि छपाई यांच्या शेजारी शिकवले जाई. गज्जरांनी फाळक्यांना संस्थेचा छायाचित्रण स्टुडिओ वापरायला दिला. पुढे चित्रपटासाठी भांडवल उभे करताना फाळक्यांनी कुंडीत उगवणारे मटाराचे रोप रोज थोडे थोडे टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली. व्हिडिओच्या वर्गात आज दिला जाणारा ‘टाइम-लॅप्स’चा पहिला धडा याहून वेगळा नसतो. कलाभवनाचे मात्र पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत रूपांतर झाले. त्याच विद्यापीठात १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा स्वतंत्रपणे सुरू झाली. कॅमेरा आणि कुंचला एकाच गावात, पण वेगवेगळ्या छपरांखाली राहिले.

मुंबईतही तसेच घडले. जे. जे.तला जाहिरातकलेचा विभाग १९६१ मध्ये सर ज. जी. उपयोजित कला संस्था म्हणून वेगळा झाला आणि छायाचित्रण त्याच्यासोबत गेले. महाराष्ट्रातल्या बहुतेक कला महाविद्यालयांत आजही हीच वाटणी दिसते. पदवी चार वर्षांची असते. पहिले पायाभूत वर्ष रेखांकन, द्विमितीय व त्रिमितीय संकल्पन यांत जाते आणि छायाचित्रण त्यानंतर, प्रामुख्याने उपयोजित कलेचा ऐच्छिक विषय म्हणून येते. त्यामुळे बाटली, दागिना किंवा साबणाची वडी कशी उजळायची हे उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला पक्के येते. रेखाचित्रण व रंगकला विभागातला त्याचा मित्र मात्र कॅमेरा स्वतःच्याच हिमतीवर शिकतो. ही विभागणी कलेच्या गरजेतून आलेली नाही. ती प्रशासनाच्या इतिहासातून आली आहे आणि तिने विद्यार्थ्यांचे नुकसान केले आहे, असेच म्हणावे लागते. जे. जे.च्या कला, उपयोजित कला आणि वास्तुकला या तीन संस्थांना मिळून २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ही भिंत पाडण्याची सोय त्यामुळे प्रथमच झाली आहे.

ही विभागणी ओलांडणारे कलावंत प्रत्येक पिढीत निघाले. बडोद्यात ना. श्री. बेंद्रे यांच्या हाताखाली शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे ज्योती भट्ट हे चित्रकार व मुद्राचित्रकार. १९६७ पासून त्यांनी गुजरात, राजस्थान आणि इतर प्रांतांतील भित्तिचित्रे, रांगोळ्या आणि त्या काढणारे हात हजारो निगेटिव्हवर टिपले. सारवलेल्या भिंतीवरचे चित्र पुढच्या सणाला पुसले जाणार हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा कॅमेरा आधी नोंद करणारा होता, पण चौकट पाहणारा डोळा मुद्राचित्रकाराचा होता. काळ्यापांढऱ्याचा तोल कसा साधावा हे शिकायला आजही त्यांच्या छायाचित्रांइतका चांगला पाठ नाही.

मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या रकमेतून १९६९ ते १९७२ या काळात ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ चालवले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार तिथे एकत्र काम करत. जे. जे.तून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानी यांनी तिथे कॅमेऱ्याविना छायाचित्रे आणि ‘ड्रीम हाउसेस’ हा सचेतपट (अ‍ॅनिमेशनपट) केला. वर्गात जे मिळाले नाही ते त्यांना या कार्यशाळेत मिळाले. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये याच मालानींनी ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ या मांडणीत पत्र्याच्या ट्रंकांमध्ये मॉनिटर ठेवले. फाळणीत डोक्यावरून वाहिलेल्या ट्रंका आणि त्यांत हलणारी चित्रे यांचा तो मेळ होता. व्हिडिओला वस्तू, जागा आणि वजन असते हे विद्यार्थ्याला अशा कामासमोर उभे राहिल्यावरच कळते. व्हिडिओ व मांडणीत काम करणाऱ्या शिल्पा गुप्ता यांची जे. जे.तली पदवी शिल्पकलेची असणे हा म्हणूनच निव्वळ योगायोग वाटत नाही.

प्रत्यक्ष वर्गातले काम बरेचसे शारीरिक असते. जिथे डार्करूम टिकून आहे तिथे विद्यार्थी छत्तीस चौकटींचा रोल स्वतः धुतो. डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान बहुधा २० अंश सेल्सिअसला धरायचे असते. मुंबईच्या मे महिन्यात त्यासाठी ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावा लागतो. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर चित्र उमटताना पाहिलेला विद्यार्थी पुढे डिजिटल कॅमेऱ्यावरही बटण दाबायची घाई करत नाही. एका चौकटीला किंमत असते, हे त्याने हाताने अनुभवलेले असते. स्टुडिओत महागड्या सामानाची जागा थर्मोकोल आणि ट्रेसिंग पेपर घेतात. थर्मोकोलचा तुकडा सावली भरून काढतो आणि ट्रेसिंग पेपर काचेवरची कडक चमक मऊ करतो.

व्हिडिओत पहिली अडचण वर्गातल्या ट्यूबलाइटचीच येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते. शटर भलताच ठेवला तर चित्रात पट्टे सरकू लागतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर एक पन्नासांश सेकंद हा नेम म्हणून पाळला जातो. दुसरी अडचण आवाजाची. चित्र सुंदर आणि आवाज पंख्याचा, असे काम दरवर्षी सबमिशनला येते. ध्वनीकडे होणारे हे दुर्लक्ष या अभ्यासक्रमांतली सर्वांत मोठी उणीव आहे. आठवड्यातून एक तास डोळे मिटून ऐकण्याचा ठेवला, तरी बराच फरक पडेल.

विषयनिवड हा शिक्षणाचा गाभा. जेजुरीला उधळलेला भंडारा आणि आषाढी वारीतली सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी यांची छायाचित्रे प्रत्येक वार्षिक प्रदर्शनात असतात. त्यात गैर काही नाही. पण तीनशे मिलिमीटरच्या लेन्सने दुरून टिपलेल्या त्या आजीचे नाव विद्यार्थ्याला विचारले तर ते सांगता येत नाही. चांगला शिक्षक त्याला पुन्हा पाठवतो, या वेळी कमी मिलिमीटरची लेन्स घेऊन. जवळ जावे लागते, बोलावे लागते, परवानगी मागावी लागते आणि काढलेला फोटो परत नेऊन द्यावा लागतो. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, दिवशी भिंतीवर लावलेल्या दहा चित्रांतली सहा काढून टाकायला लावणे, हा त्याच शिकवणीचा पुढचा भाग. निवड करताना विद्यार्थ्याला आपण काय पाहत होतो ते उमगते. कलेतिहासाचा अनिवार्य पेपर इथे उपयोगी पडतो आणि बडोद्याने तो पहिल्यापासून लावून धरला.

या कामांच्या जपणुकीची स्थिती एकसारखी नाही. ज्योती भट्टांच्या संग्रहाचे एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटायझेशन केले असून तो अभ्यासकांना पाहता येतो. २००० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांनी मिनी-डीव्ही टेपवर (छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेटवर) केलेले व्हिडिओ मात्र त्या टेप चालवणारी यंत्रे मिळेनाशी झाल्याने कपाटांत पडून आहेत. चुंबकीय फितीला दमट हवा सोसत नाही, आणि मुंबईत पावसाळा चार महिन्यांचा असतो.