घोड्यांमधील जठरव्रण

घोड्याच्या जठराच्या आतील अस्तराला आम्लामुळे पडणाऱ्या जखमांना जठरव्रण म्हणतात. शर्यतीच्या सरावातील थरोब्रेड (शर्यतीसाठी जोपासलेली जात) घोड्यांत तो इतका सर्रास आढळतो की काही पाहण्यांत दहांपैकी आठ-नऊ घोडे बाधित निघाले. हा मुख्यतः तबेल्याने लादलेला आजार आहे.

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचे असते. त्यात आम्ल रात्रंदिवस पाझरते, घोडा खात असो वा नसो. मोकळा घोडा दिवसाचे 16 तास चरतो. चावताना सुटणारी लाळ आम्ल सौम्य करते आणि गवताचा थर ते खाली थोपवून धरतो. तबेल्यात दोन-तीन वेळा चंदी (धान्याचा खुराक) मिळते, मधले तास पोट रिकामे. त्यातच दौड सुरू झाली की पोटाचे स्नायू आवळले जातात आणि आम्ल जठराच्या वरच्या भागावर चढते. त्या भागाला श्लेष्म्याचे संरक्षण नसते, म्हणून बहुतेक व्रण तिथेच होतात. पिष्टमय धान्याचा भडिमार त्यात भर घालतो. खालच्या, ग्रंथी असलेल्या भागातील व्रणांची कारणे वेगळी असून ती अजून पुरती उलगडलेली नाहीत.

लक्षणे फसवी असतात. घोडा वैरण खातो, पण चंदी अर्धी टाकतो. अंगावरची तकाकी जाते, वजन घटते, जेवणानंतर पोट दुखते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडून चावायला येणारा घोडा तापट ठरवला जातो. दुखणे पोटात असू शकते, हे कुणाच्या ध्यानी येत नाही. शिंगरू दात खाते, लाळ गाळते, पाठीवर लोळते. खात्रीचे निदान मात्र दुर्बिणीनेच होते: घोड्याला रात्रभर उपाशी ठेवून सुमारे 3 मीटर लांबीची नळी नाकपुडीतून जठरात उतरवतात आणि व्रणांना 0 (व्रण नाही) ते 4 (सर्वांत गंभीर) अशी श्रेणी देतात.

मुख्य औषध ओमेप्राझोल; ते आम्लाची निर्मिती कमी करते. घोड्यांसाठीच्या त्याच्या पेस्टला अमेरिकेत 1999 मध्ये मान्यता मिळाली. उपचाराची नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे 4 मिलिग्रॅम, रोज एकदा, चार आठवडे. खालच्या भागातील व्रणांना बहुधा सुक्राल्फेट या व्रणावर थर धरणाऱ्या औषधाची जोड लागते. फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामके स्वतःच व्रण पाडू शकतात, म्हणून लंगड्या घोड्याला ती जपूनच द्यावी लागतात. दिनक्रम तोच राहिला तर औषध थांबताच व्रण परततात. त्यामुळे चंदी कमी करून वैरण सतत समोर ठेवतात आणि सरावाआधी थोडा लसूणघास देतात. त्यातील कॅल्शियम व प्रथिने आम्ल शमवतात.