मंदीतही तारीख पडतेच: बेळगाव सीमाभागातल्या वकिलीची पार्श्वभूमी

लॉच्या शेवटच्या वर्षाची मुलं ऑफिसात इंटर्नशिपला येतात आणि आठवडाभरात एकच प्रश्न विचारतात. बेंगळुरूला एखाद्या फर्ममध्ये लागावं, की इथंच बेळगावात काळा कोट चढवावा? प्रश्न पगाराचा वाटतो, पण आत धास्ती असते ती नोकरकपातीची. ती खोटी नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडाली, तशी तिथल्या बड्या लॉ फर्मनी वकिलांना घरी पाठवायला सुरुवात केली. एके काळी हजारावर वकील बाळगणारी ड्युई अँड लेबफ २०१२ मध्ये स्वतःच दिवाळखोरीच्या कोर्टात जाऊन उभी राहिली. कंपन्यांचे सौदे थांबले की सौद्यांवर जगणारा वकील थांबतो.

बेळगावच्या बार रूममध्ये मात्र २००८ हे साल मंदीसाठी कुणाला आठवत नाही. त्या जुलैत धारवाडला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, म्हणून ते आठवतं. त्याआधी अपिलाच्या तारखेला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी बेंगळुरूत उतरायचं, लॉजवर अंघोळ उरकायची आणि कोर्ट गाठायचं. पक्षकाराच्या खिशातला निम्मा पैसा प्रवासातच जायचा. ऑगस्ट २०१३ मध्ये हे बेंच कायम झालं. जग मंदीत असताना इथल्या वकिलाला पाऊण-एकशे किलोमीटरवर हायकोर्ट मिळालं. हा योगायोग खरा, पण त्याच्या आधीचा इतिहास पाहिला तर तो काही एकटा योगायोग नाही.

सीमाभागात वकिलीचं पीक नेहमी सांध्यावर आलेलं आहे. दोन राज्यं, दोन कायदे, दोन भाषा जिथं एकमेकींना घासतात तिथं. १९५६ च्या आधीही हे होतंच. बेळगाव इंग्रजांचं, तर त्याला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं. रायबाग कोल्हापूरकरांचं, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान. हद्द बदलली की कोर्ट बदलायचं. तीसच्या दशकातल्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, सावकाराचं देणं फुगलं आणि १९३९ साली मुंबई सरकारला कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या दिलाशासाठी कायदा करावा लागला. त्याच १९३९ साली बेळगावात कर्नाटक लॉ सोसायटी स्थापन झाली आणि तिचं लॉ कॉलेज उभं राहिलं. आज ते वंटमुरीच्या राजा लखमगौडांच्या नावानं ओळखलं जातं. बुडालेली शेती आणि नवं लॉ कॉलेज एकाच सालातली, याची मला नेहमी गंमत वाटते.

मग १ नोव्हेंबर १९५६. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलंय. वकिलांच्या टेबलावर काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. आदल्या दिवसापर्यंत अपील मुंबईला जायचं, दुसऱ्या दिवसापासून बेंगळुरूला. पण कायदे एका रात्रीत बदलले नाहीत. मुंबईचे कायदे इथं ‘मुंबई भागा’पुरते चालूच राहिले आणि म्हैसूरचे एकेक करून त्यांची जागा घेत गेले. म्हणजे कित्येक वर्षं इथल्या वकिलाला एका दाव्यात मुंबईचा कूळकायदा आणि दुसऱ्यात म्हैसूरचा नवा कायदा, असे दोन्ही काढून बसावं लागे. ज्यांनी कंटाळा केला त्यांची वकिली आटली. ज्यांनी दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली त्यांच्याकडं धारवाड-हुबळीकडूनही कागद यायला लागले.

मी १९८६ साली ज्युनिअर म्हणून लागलो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं १९४९ सालचं मुदतखरेदीखत होतं, मोडीत लिहिलेलं. समोरच्यांचं म्हणणं, ही सरळ विक्री आहे. त्यांनी हजर केलेलं कन्नड भाषांतरही तसंच सांगत होतं. आमच्या सीनिअरांना मोडी यायची. त्यांनी कागद खिडकीशी धरला, बोट ओळीवरून सरकवत गेले आणि साक्षीदारांच्या सह्यांच्या वर दाटीवाटीनं लिहिलेल्या शेवटच्या ओळीवर थांबले. दहा वर्षांत रक्कम परत दिल्यास जमीन परत द्यायची, असं तिथं होतं. भाषांतरात ती ओळच नव्हती. १९२९ च्या दुरुस्तीनंतर परतीची अट त्याच दस्तात असेल तरच ते गहाण धरता येतं, वेगळ्या कागदावर असेल तर नाही. अट त्याच दस्तात होती. आता प्रश्न मुदतीचा. गहाण सोडवायला तीस वर्षं, तीही दहा वर्षांचा वायदा संपल्यापासून, म्हणजे १९८९ पर्यंत. दावा १९८७ मध्ये घातला. सीनिअरांनी त्याची फी किती घेतली ते मला ठाऊक नाही, पण त्यानंतर चार-पाच वर्षं खानापूरकडची माणसं पिशवीत जुने कागद घालून आमच्या दारात येत होती. मी त्या पावसाळ्यात मोडी शिकलो.

त्याच सुमाराला एक वेगळा झटका ओसरत होता. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात, १ मार्च १९७४ पासून, कर्नाटकाचा जमीन सुधारणा कायदा कडक झाला. कसणाऱ्या कुळानं जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून फॉर्म नंबर सात भरायचा आणि लँड ट्रिब्युनलनं निकाल द्यायचा. गावोगावी हजारो अर्ज पडले. पण ट्रिब्युनलसमोर वकिलानं उभं राहायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं! एवढं मोठं काम दारात आणि दार बंद. जुने वकील सांगायचे, अर्ज आम्हीच लिहून द्यायचो, प्रश्न काय विचारले जातील ते पक्षकाराकडून घोकून घ्यायचो आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचो. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती बंदी रद्द केली. तोवर ज्यांचा सगळा व्यवसाय कुळाच्या दाव्यांवर होता, त्यांनी दुसरी कामं शोधली होती. पुढं पिढ्यान्‌पिढ्या पुरली ती त्यांनी नाइलाजानं शिकलेली कामं: वाटणीचे दावे, दरखास्ती (कोर्टाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी), अपघाताचे क्लेम.

अपघाताचं एका वाक्यात सांगतो. पुणे-बेंगळुरू महामार्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जातो आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीमुळं क्लेम कुठं दाखल करायचा याला बऱ्यापैकी मोकळीक मिळाली.

चेकचं प्रकरण मात्र जरा खोलात सांगायला हवं, कारण मंदी आणि वकिली यांचं नातं तिथं उघडं दिसतं. १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला चेक हा गुन्हा झाला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पंधरा दिवस पैसे भरायला, नाही भरले तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. हे गणित आमच्याकडं शाळेतल्या पाढ्यासारखं तोंडपाठ असतं. बाजारात रोकड आटली की चेक परत यायला लागतात. निपाणीचा तंबाखू व्यापारी येतो. इचलकरंजीला सूत देणारा येतो. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला येतो. “साहेब, मी तीनदा बँकेत घातलो, तिन्ही वेळा परत आलं.” आधी दुसऱ्याकडून येणं बाकी असलेला हाच माणूस सहा महिन्यांनी आरोपी म्हणून येतो, कारण त्यानंही कुणाला तरी चेक दिलेला असतो.

इथं सीमा आडवी आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी सुप्रीम कोर्टानं ठरवलं की चेक ज्या बँकेवर काढलाय ती शाखा जिथं असेल तिथंच फिर्याद चालेल. निपाणी-चिकोडीच्या व्यापाऱ्यांकडं महाराष्ट्रातल्या बँकांचे चेक कमी नव्हते. पुरावा सुरू न झालेल्या अशा फिर्यादी परत मिळाल्या आणि त्या कोल्हापूर-इचलकरंजीला नेऊन घालाव्या लागल्या. ज्यांची अख्खी प्रॅक्टिस चेकवर होती, त्यांची त्या वर्षी पंचाईत झाली. जून २०१५ मध्ये वटहुकूम आला, पैसे घेणाऱ्याचं खातं जिथं आहे तिथलं कोर्ट पुन्हा मोकळं झालं आणि फिर्यादी परत आल्या. जेमतेम दहा-अकरा महिन्यांचा खेळ. पण त्यात मला कळलं की एकाच कलमावर पोट चालवणं म्हणजे एकाच विहिरीवर ऊस लावणं.

उसाचा विषय निघालाच आहे तर फीबद्दलही बोलू. आमच्याकडं फी महिन्याला येत नाही, हंगामाला येते. कायद्यानं कारखान्यानं चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं. ते किती वेळा होतं हे उसवाल्याला विचारा. बिल लांबलं की वकिलाची फीही लांबते. म्हणून इथले जुने वकील तीन प्रकारची कामं धरून असत: शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची आणि एखाद्या सोसायटी-बँकेच्या वकिलांच्या पॅनेलवरची. शेतकऱ्याकडं पैसे नसतात तेव्हा बँकेला वसुली करायची असते. जरा कठोर वाटतं, पण हिशेब असाच होता.

वाटणीचे दावे या सगळ्याच्या वर. ते तेजी-मंदी बघत नाहीत. कर्नाटकानं ३० जुलै १९९४ पासून आणि महाराष्ट्रानं त्याच वर्षी २२ जूनपासून मुलींना एकत्र कुटुंबात वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, त्यात ती अट नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या दिवशी बाप जिवंत असायची गरज नाही. प्रत्येक पायरीवर गडहिंग्लज-आजऱ्याला दिलेल्या लेकी माहेरच्या उताऱ्याची नक्कल मागायला बेळगावात आल्या.

दस्तांचं कामही असंच पालटलं. खानापूरच्या तेलगीचा बनावट स्टॅम्पचा घोटाळा उघड झाल्यावर कागदी स्टॅम्पची जागा ई-स्टॅम्पनं घेतली, आणि कोर्टाबाहेरच्या स्टॅम्प व्हेंडरांची दुकानं एकेक करून गेली. काही बॉण्ड रायटर, म्हणजे दस्त लिहून देणारे, कॉम्प्युटर शिकून टिकले.

खरा फटका आम्हाला २००८ ने नाही, २०२० ने दिला. तोवर बार रूममध्ये म्हण होती की काहीही झालं तरी तारीख पडतेच. मार्चअखेर कोर्ट बंद झालं आणि तारखाही नुसत्या पुढं जात राहिल्या. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टानं मुदतीतून वगळला, म्हणजे घाईनं दावा घालायचं कारणही गेलं. रोजच्या जामिनावर आणि ॲफिडेव्हिटवर जगणाऱ्या पोरांनी तेव्हा काय काय विकलं ते मी पाहिलंय. ज्यांच्या कपाटात जुने वाटणीचे आणि मिळकतीचे दावे होते, त्यांचे पक्षकार फोनवर का होईना, टिकून राहिले.

भाषेबद्दल मात्र लपवून चालणार नाही. खालच्या कोर्टात कागद कन्नडमध्ये, साक्षीदार मराठीत बोलणारा. मराठी माध्यमातली हुशार मुलं बोलतात झकास कन्नड, पण कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) लिहायला बसली की अडतात आणि मग सीनिअरच्या मागं फाइल धरून दहा वर्षं काढतात. खुद्द सीमेचा दावा २००४ पासून दिल्लीत सुप्रीम कोर्टात आहे. त्याच्या निकालाची वाट बघत कन्नड न शिकणं ही कसली निष्ठा, मला कळत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. २०११ पासून एका राज्याच्या सनदेवर देशभर उभं राहण्याचा हक्क आहेच. परवा बेळगाव तालुक्यातले दोन भाऊ आले. वडिलोपार्जित सात एकर इकडं, तीन एकर चंदगडला. मिळकत दोन कोर्टांच्या हद्दीत असली की दावा कुठल्याही एकात घालता येतो. इथं घातला तर अपील शेवटी धारवाडला, तिकडं घातला तर कोल्हापूरला. थोरला म्हणाला, जिथं लवकर होईल तिथं घाला. मी इंटर्नशिपच्या मुलीला दोन्ही कागद वाचायला सांगितलं. कन्नड पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, तिनं घडाघडा वाचली. चंदगडच्या सातबाऱ्यावरच्या फेरफाराच्या जुन्या नोंदीपाशी अडली आणि कागद खिडकीशी नेऊन बघायला लागली.