पत्रा उडतो कसा आणि बसवायचा कसा

सातारा-सांगलीकडच्या माण, खटाव, आटपाडी, जत या भागात एप्रिल-मे महिन्यांत फिरलं की पत्र्याच्या घरांवर हमखास दगड दिसतात. कुठे दगडांच्या जोडीला जुने टायर, कुठे वाळूची पोती. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात हे तिथे लहान पोरालाही ठाऊक असतं, म्हणून वर वजन ठेवायचं. हिशोब मांडला की हे वजन किती तोकडं आहे ते कळतं.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळतं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. दाब आला सुमारे ४६३ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ४७ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा मात्र दर चौरस मीटरला जेमतेम पाच किलो भरतो.

हा दाब छपराला खाली रेटत असता तर काळजी नव्हती. पण वारा छपराच्या कडेवर आपटून वर उसळतो, कडेच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि पत्रा वर ओढला जातो. कडा, कोपरे आणि आढं (छपराचा माथा) इथे ही ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते, दुपटीपर्यंतही जाते. त्यात वाऱ्याच्या तोंडाचं दार उघडं राहिलं की घरात घुसलेली हवा खालून रेटा देते. वादळात आधी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या त्या याचसाठी. उतार कमी असला की दोन्ही पाखांवर, म्हणजे छपराच्या दोन्ही उतरत्या बाजूंवर, ओढच बसते. उतार ३० अंशांच्या वर गेला तर वाऱ्याकडचं पाखं उलट खाली दाबलं जातं.

इथेच जुन्या घरांची फसगत होते. मंगलोरी कौलांचं छप्पर दर चौरस मीटरला चाळीसेक किलो भरतं आणि आपल्या वजनानंच जागेवर बसतं. खालचे वासे तुळईला एकदोन खिळ्यांनी धरलेले असले तरी चालून गेलं, कारण त्यांना फक्त भार खाली पोचवायचा होता. कौलं फुटायला लागली, माकडांचा त्रास वाढला, म्हणून त्याच वाशांवर पत्रा मारला की सगळं गणित उलटतं. मग स्क्रू पक्के धरतात, पत्रा वाशाला चिकटून राहतो आणि वाशांसकट छप्पर शेजारच्या शेतात जाऊन पडतं.

म्हणून कामाची सुरुवात खालून करायची. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग आरसीसीचा पट्टा हवा. त्यात काँक्रीट ओतण्याआधीच अँकर बोल्ट गजांना बांधून सोडायचे, त्यांवर बेसप्लेट आणि प्लेटवर कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा. विटांच्या बांधकामात पाइपाचं टोक खोचून वर सिमेंटचा गोळा लिंपणं ही पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, आणि उडालेल्या छपरांत सर्वांत आधी निसटलेली जागाही बहुधा तीच असते. पत्रा, स्क्रू, पर्लिन (कैच्यांवरचे आडवे पाइप), कैची, अँकर, पट्टा अशी ही साखळी आहे आणि तिची कोणतीही एक कडी कच्ची राहून चालत नाही.

एक घर धरू. २४ फूट रुंद, ३० फूट लांब, दुपाखी, उतार चारास एक, म्हणजे १४ अंश. वळचण भिंतीबाहेर दोन फूट काढली तर एका पाखाचा पत्रा लागतो साडेचौदा फुटांचा. (पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात दोन फूट हवेतच. माण-जतकडे एक फूट पुरे, कारण जास्त बाहेर काढलेली वळचण खालूनही वारा खाते.) चांदईवर, म्हणजे बाजूच्या त्रिकोणी भिंतींवर, एकेक फूट धरून आढ्याची लांबी ३२ फूट. प्रोफाइल, म्हणजे उंचवटे काढलेल्या, पत्र्याची प्रत्यक्ष झाकणारी रुंदी साधारण एक मीटर, तेव्हा एका पाखाला १० आणि एकूण २० पत्रे. त्यांचं सगळ्यांचं वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास. त्याच छपरावर ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याची ओढ सरसकट ४७ किलोनं धरली तर चार टनांच्या वर जाते. दहा-दहा किलोचे वीस दगड ठेवून त्यात किती फरक पडणार?

कैच्या दहा-दहा फुटांवर, म्हणजे चार. त्यांवर आडवे पर्लिन, ६० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, एका पाखाला पाच. पहिला वळचणीच्या कडेपासून सहा इंच आत, शेवटचा आढ्यापासून चार इंच खाली, मधले साधारण साडेतीन फुटांवर. कडेचा पत्रा सहा-आठ इंचांपेक्षा जास्त मोकळा लोंबत ठेवला तर वाऱ्यात तो फडफडतो आणि स्क्रूभोवती हळूहळू चिरतो. १९७४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं, तेव्हा असंख्य छपरं अशीच गेली होती. एका दणक्यात न तुटणारा पत्रा हजारो झटक्यांनी स्क्रूच्या भोकाशी थकून फाटला. त्यानंतर तिथे पत्र्याच्या चाचण्या पुनःपुन्हा भार देऊन घ्यायला लागले. घर उघड्या माळावर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसारख्या पठारावर असेल तर पाइपांचे माप इंजिनिअरकडून तपासून घ्यावं; वरचे आकडे वस्तीतल्या घराचे आहेत.

पत्रा घेताना दुकानदार जाडी सांगतो, पण ती रंगासकट की रंगाशिवाय हे विचारावं लागतं. जाडीइतकाच महत्त्वाचा असतो लेप. साध्या जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि तो दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये मोजतात, दोन्ही बाजू मिळून. १२० ग्रॅमचा थर एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन, २७५ ग्रॅमचा १९. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे कापलेली कड किंवा बारीक ओरखडाही काही काळ गंजापासून वाचतो. गॅल्व्हल्यूम जातीच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असतं. १५० ग्रॅमला जाडी मिळते २० मायक्रॉन आणि उघड्यावर हा लेप साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. दोन ठिकाणी मात्र तो दगा देतो. ओलं सिमेंट अंगावर पडून राहिलं तर ॲल्युमिनियम खातं, म्हणून भिंतीचं प्लॅस्टर पत्र्याआधी उरकावं. दुसरं ठिकाण गोठा. शेण-मुताचा अमोनिया आणि दमट हवा पत्र्याला खालच्या बाजूनं कुरतडतात. गोठ्याला आढ्याजवळ हवा जायला वाट ठेवणं जनावरांच्या दमाइतकंच पत्र्यासाठीही गरजेचं आहे.

पत्रे आले की एकावर एक रचून ताडपत्रीत गच्च गुंडाळून ठेवू नयेत. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकलं तर थोड्याच दिवसांत जस्तावर पांढरी भुकटी येते, त्याला पांढरा गंज म्हणतात. एक टोक वर करून, हवा खेळेल असे ठेवावेत.

चढवण्याआधी पाखाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे. ते सारखे नसतील तर पर्लिन आधी सरळ करून घ्यायचे. पहिला पत्रा दोरी आणि गुण्या लावून काटकोनात बसवला नाही, तर दहाव्या पत्र्यापर्यंत वळचणीची रेघ करवतीच्या दातांसारखी होते. सुरुवात कुठून? पावसाचा वारा आपल्याकडे पश्चिमेचा, म्हणून आढं पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेच्या टोकापासून. मग प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाची उघडी फट वाऱ्याला पाठ करून राहते. वळवाच्या वाऱ्याला दिशेचा भरवसा नसतो, त्यासाठी बाजूच्या जोडांवर दर दीड फुटाला छोटे स्टिच स्क्रू मारायचे. या घराला असे सुमारे १६० लागतील.

बाजूच्या जोडात एक बारकावा असतो, तो हाताला लागतो पण डोळ्याला चटकन दिसत नाही. पत्र्याच्या एका कडेच्या उंचवट्याला एक बारीक खाच किंवा जास्तीची पट्टी असते. ती कड खालीच गेली पाहिजे. दोन पत्रे घट्ट चिकटले की त्यांच्यामधल्या फटीत पाणी उलटं वर चढतं, जसं वातीतून तेल चढतं. ०.३ मिलिमीटरच्या फटीत, पृष्ठभाग नीट भिजणारा असेल तर, पाणी पाच सेंटिमीटरपर्यंत उभं चढू शकतं. खाचेमुळे फट एकदम रुंद होते आणि पाणी तिथेच थांबतं. पत्रा उलटा बसवला तर खाच वर राहते, जोड गळतो आणि घरमालक वर्षानुवर्षे सिलिकॉन भरत बसतो.

उताराच्या दिशेनं जोड असेल, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर चढवलेला असेल, तर हेच पाणी आणखी घात करतं. १४ अंशांच्या उतारावर उभे पाच सेंटिमीटर म्हणजे पत्र्यावरून तब्बल २० सेंटिमीटर, आठ इंच. सहा इंचांचा जोड त्याला कसा पुरेल? त्यामुळे आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड लांबीचाच पत्रा मागवावा. जोड टाळता आलाच नाही, तर नऊ इंचांचा ठेवून आत ब्युटाइल टेपच्या (चिकट रबरी टेपच्या) दोन पट्ट्या द्याव्यात.

आता स्क्रू. पूर्वी जे-हुक आणि डांबरी वॉशर असत. डांबर उन्हात वाळून तडकलं की गळती सुरू. आता सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू वापरतात, त्याच्या डोक्याखाली धातूची चकती आणि तिच्या पोटाशी ईपीडीएम रबराचा वॉशर. पन्हळीत, म्हणजे दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागात, मारला तर २५ मिलिमीटरचा पुरतो, उंचवट्यावर ५५ ते ६५ चा लागतो. पन्हळीत पत्रा थेट पाइपाला टेकतो, त्यामुळे पकड चांगली आणि काम झटपट. बरेच कारागीर तिथेच मारतात. पण पाणी वाहतं ते पन्हळीतूनच. पश्चिमेकडच्या पावसाला उंचवट्यावरच मारावा, जरा सावकाश आणि काटकोनात, नाहीतर उंचवटा चेपतो. वळचण, आढं आणि चांदईच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर एक, मधल्या पर्लिनवर एकाआड एक. दर पत्र्याला १४ धरले तर २० पत्र्यांना २८०, कडांचे जास्तीचे आणि वाया जाणारे मिळून साडेतीनशे आणावेत.

किती आवळायचा हे वॉशर सांगतो. रबर चकतीच्या काठाशी किंचित फुगून आलेलं दिसलं की थांबायचं. बोटानं चकती फिरली तर सैल आहे. रबर चकतीबाहेर पसरून पातळ झालं, किंवा स्क्रूभोवती पत्र्याला बशीसारखा खळगा पडला, तर जास्त झाला. त्या खळग्यात पाणी साठतं आणि ताणलेलं रबर दोन-तीन उन्हाळ्यांत फाटतं. हे होऊ नये म्हणून टॉर्क ठरवता येणारं स्क्रूगन वापरावं. स्क्रू पाइपाला चुकला तर भोक सिलिकॉननं बुजवू नये, जाड स्क्रू वॉशरसह घालावा किंवा सीलबंद रिव्हेट मारावा.

कापायला ग्राइंडर चालवणं ही दुसरी वाईट सवय. ठिणग्या रंगात रुततात, कडेचा लेप जळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस रेघ उमटते. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) वापरावा. ड्रिलचा चुराही संध्याकाळी मऊ झाडूनं झाडून काढायचा. तो रात्रभर दवात राहिला की सकाळी पत्र्यावर गंजाचे ठिपके.

आढ्याची टोपी बसवण्याआधी प्रत्येक पन्हळीचं वरचं टोक पकडीनं उभं वळवून घ्यावं. दहा मिनिटांचं काम, पण वाऱ्यासोबत उलटं चढणारं पाणी तिथे अडतं. टोपी दोन्ही बाजूंना किमान सहा इंच यावी.

उन्हाचं गणित वेगळं. सहा मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकानं साडेतीन मिलिमीटर वाढतो. तो स्क्रूंनी अडवला की दुपारी कडकड आवाज येतो. उष्णता कमी करायला फॉइल लावतात, पण ते पत्र्याला चिकटवलं तर चकाकीचा उपयोग शून्य. चकाकत्या बाजूला किमान इंचभर मोकळी हवा लागते, तरच ते उष्णता परतवतं. फॉइल नसेल तर हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आतून घामेजतो. लोक ती गळती समजून स्क्रू आवळत बसतात.

वर चढणाऱ्यानं पाऊल पर्लिनच्या रेषेवर, पन्हळीत टाकावं. फायबरच्या पारदर्शक पत्र्यावर कधीही नाही. वारा असेल त्या दिवशी सुटा पत्रा हातात धरूच नये, तो माणसाला घेऊन जातो.

काम पुरं झाल्यावर जुने दगड वर ठेवायचं कारण उरत नाही, उलट वादळात ते खाली येऊन डोकं फोडतात. आधीच्या पत्र्यावरचे दगड उतरवताना त्यांच्याखाली साचलेली ओली माती धुऊन काढा आणि खरवडलेल्या जागी जस्ताचा रंग लावा. गंज बहुधा तिथेच धरलेला असतो.