सूर्य मावळल्यावर कमी होणारा संशय

१९९२ चा मे महिना. रॉबर्ट विल्किन्स नावाचे एक तरुण वकील शिकागोला आजोबांच्या अंत्यविधीला गेले होते, तिथून नातेवाईकांसोबत भाड्याच्या गाडीने वॉशिंग्टनला परत निघाले होते. भल्या पहाटे मेरीलँड राज्यात पोलिसाने गाडी थांबवली, म्हणे स्पीड जास्त आहे. इथपर्यंत ठीक. मग तो म्हणाला गाडीची झडती घेऊ द्या. विल्किन्स हार्वर्डमधून कायदा शिकलेले, त्यांनी शांतपणे सांगितलं की ठोस कारणाशिवाय तुम्हाला झडती घेता येत नाही. त्यावर पोलिसाने ड्रग्ज हुंगणारा कुत्रा मागवला, अख्ख्या कुटुंबाला गाडीतून उतरवून पावसात रस्त्याच्या कडेला उभं केलं, कुत्रा गाडीभोवती फिरला आणि काहीच मिळालं नाही. हे कुटुंब कृष्णवर्णीय आहे. विल्किन्स यांनी राज्य पोलिसांवर केस केली आणि त्या केसमध्ये पोलिसांचाच एक अंतर्गत कागद बाहेर आला, त्या भागात ड्रग्ज नेणारे बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष आहेत, लक्ष ठेवा, अशा अर्थाचा. १९९५ मध्ये तडजोड झाली, त्यातली एक अट दिसायला अगदी कारकुनी होती: यापुढे पोलिसांनी प्रत्येक झडतीची नोंद ठेवायची, ती कुणाची घेतली, त्याचा वंश कोणता, काय सापडलं.

मला वाटतं की भरपाईपेक्षा ही अट कितीतरी मोठी होती. कारण एका माणसाने माझ्यावर अन्याय झाला म्हटलं की समोरचा म्हणतो तुमचा गैरसमज झाला असेल, शंभर जणांनी म्हटलं तरी म्हणतो की हे सगळे किस्से झाले, पुरावा कुठेय. नोंदी हातात आल्या की मात्र मोजता येतं. आता पोलीस वंश बघून भेदभाव करतात का हे मोजायचं कसं, तर ते वाटतं तेवढं सोपं नाहीये आणि संशोधकांनी यासाठी ज्या युक्त्या काढल्यात त्या खरंच समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण म्हणजे तुलना कशाशी करायची. समजा एखाद्या शहरात कृष्णवर्णीय लोक १५ टक्के आहेत आणि पोलिसांनी थांबवलेल्या ड्रायव्हरांमध्ये ३० टक्के. भेदभाव झाला का? लगेच हो म्हणावंसं वाटतं, पण पोलीस म्हणतील की रस्त्यावर गाडी चालवणारे लोक आणि शहरात राहणारे लोक वेगळे असतात, कोण किती तास गाडी चालवतो, कोणत्या रस्त्याने जातो, कोण जास्त नियम मोडतो हे तुम्हाला कुठे माहितीये? हा आक्षेप फालतू नाही. लोकसंख्येचा आकडा खरंच इथे उपयोगाचा नाही, रस्त्यावर प्रत्यक्ष कोण आहे ते कळायला हवं.

जॉन लॅम्बर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यावर सरळ उपाय केला, ते रस्त्यावर गेले. न्यू जर्सी टर्नपाइक हा हायवे, एडिसन वगैरे भागात राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना चांगलाच माहीत असलेला. त्याच्या दक्षिणेकडच्या टप्प्यात त्यांच्या टीमने रस्त्याच्या कडेला दुर्बिणी घेऊन बसून चाळीस हजारांहून जास्त गाड्या मोजल्या, कोणत्या गाडीत कृष्णवर्णीय माणूस आहे ते लिहून घेतलं. मग स्पीड लिमिटच्या थोडं वर एकाच वेगाने स्वतःची गाडी चालवत आपल्याला मागे टाकून जाणारे किती आणि त्यात कोण ते मोजलं. जवळजवळ सगळेच लिमिट तोडत होते! म्हणजे कायद्याने पोलीस कुणालाही थांबवू शकत होते, निवड पूर्णपणे त्यांच्या हातात होती. कृष्णवर्णीय माणूस असलेल्या गाड्या साधारण १३.५ टक्के, वेग मोडणाऱ्यांमध्ये १५ टक्के आणि थांबवलेल्यांमध्ये ३५ टक्के. १९९६ मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने हा पुरावा मान्य केला आणि १९९९ मध्ये राज्याने स्वतःच कबूल केलं की हो, असं होत होतं.

लॅम्बर्थ यांनीच मग मेरीलँडच्या त्या नव्या नोंदी तपासल्या. हायवे क्रमांक ९५ च्या एका भागात ड्रायव्हरांमध्ये कृष्णवर्णीय साधारण १७ टक्के होते, पण ज्यांची झडती घेतली त्यात ७० टक्क्यांच्या वर. आणि सापडायचं किती? कृष्णवर्णीय आणि गोरे अशा दोन्ही गटांत साधारण २८ टक्के झडत्यांमध्ये काहीतरी मिळायचं, जवळजवळ सारखंच. कृष्णवर्णीयांकडे जास्त माल असतो म्हणून त्यांना जास्त तपासतो हा जो युक्तिवाद होता तो त्यांच्याच आकड्यांत टिकला नाही.

पण प्रत्येक रस्त्यावर दुर्बीण घेऊन बसणं शक्य नाही ना. म्हणून २००६ मध्ये जेफ्री ग्रोगर आणि ग्रेग रिजवे यांनी एक फार सुंदर कल्पना मांडली, तिला अंधाराचा पडदा म्हणतात. कल्पना अशी की दिवसाउजेडी पोलिसाला गाडी थांबवायच्या आधी ड्रायव्हरचा चेहरा दिसू शकतो, अंधारात ते फार अवघड. म्हणजे पोलीस जर वंश बघून गाड्या थांबवत असतील, तर थांबवलेल्यांमधला कृष्णवर्णीयांचा वाटा अंधार पडल्यावर कमी व्हायला हवा. पण रात्री वेगळे लोक गाडी चालवतात, ऑफिसातून घरी येणारे वेगळे आणि नाईट शिफ्टवाले वेगळे, मग तुलना परत चुकणार. इथेच खरी युक्ती आहे. घड्याळात तीच वेळ घ्यायची, फक्त ऋतू वेगळा. आपल्याकडे मुंबईत सूर्यास्त वर्षभरात तास-सव्वा तास पुढेमागे होतो, पण शिकागोसारख्या शहरात डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यात ते वर्षातून दोनदा घड्याळही एक तास पुढेमागे करतात. म्हणजे संध्याकाळचे सात वाजले की वर्षाचे काही महिने काळोख आणि काही महिने लख्ख उजेड, रस्त्यावर मात्र साधारण तेच लोक त्याच कामासाठी. निसर्गाने आयता प्रयोग करून ठेवलाय.

ग्रोगर आणि रिजवे यांनी ही परीक्षा पहिल्यांदा कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात लावली तेव्हा भेदभावाचा फारसा पुरावा मिळाला नव्हता, आणि हे सांगायला हवं, कारण जी परीक्षा नेहमी एकच उत्तर देते ती परीक्षाच नव्हे. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमने देशभरातल्या पोलीस खात्यांकडून नोंदी मागवल्या, वर्षानुवर्षं घासून साफ केल्या, जवळपास १० कोटी वाहनतपासण्यांचा डेटा जमवला आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापला. सूर्य मावळला की थांबवलेल्यांमधला कृष्णवर्णीय ड्रायव्हरांचा वाटा कमी होतो. इतक्या मोठ्या डेटात हे दिसणं म्हणजे योगायोग म्हणायला जागा उरत नाही. उलट रस्त्यावर दिवे असतात, अंधारातही कधीकधी चेहरा दिसतो, गाडी कोणती आणि वस्ती कोणती यावरूनही अंदाज बांधता येतो, त्यामुळे या परीक्षेतून भेदभाव आहे त्यापेक्षा कमीच दिसण्याची शक्यता जास्त. नोंदींमध्येही गडबडी होत्या. टेक्सासमध्ये हायवे पोलीस लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या ड्रायव्हरांची नोंद गोरे म्हणून करत होते, त्यामुळे आकड्यांत तो गट दिसतच नव्हता, संशोधकांना आडनावांवरून ती दुरुस्ती करावी लागली.

आता परत झडतीकडे येतो कारण इथे एक बारीक मुद्दा आहे जो बऱ्याच बातम्यांमध्ये सुटतो. मेरीलँडमध्ये दोन्ही गटांत माल सापडायचं प्रमाण सारखं होतं. मग कोणी म्हणेल सारखं आहे तर न्याय झालाच की. आणि हे प्रमाण वेगळं आलं तर नक्की भेदभाव का? दोन्ही उत्तरं नाही अशीच आहेत. काल्पनिक उदाहरण घ्या. पोलिसांनी ठरवलं की ज्याच्याकडे माल असण्याची शक्यता १० टक्क्यांच्या वर वाटते त्याचीच झडती घ्यायची, सगळ्यांना एकच नियम. पहिल्या गटात काही लोक ५ टक्के शक्यतेचे आणि काही ७५ टक्क्यांचे, दुसऱ्या गटात काही ५ टक्क्यांचे आणि काही ५० टक्क्यांचे. नियम तोच लावला तरी पहिल्या गटात ७५ टक्के झडत्या यशस्वी होणार आणि दुसऱ्यात ५०. भेदभाव शून्य, तरी आकडे वेगळे. आणि याच्या उलटही होतं, भेदभाव असून आकडे सारखे दिसतात. म्हणून नुसतं यशाचं प्रमाण बघून चालत नाही, पोलीस कितपत संशय आला की झडती घेतात ती संशयाची रेषाच शोधावी लागते. स्टॅनफर्डच्या लोकांनी झडतीचा दर आणि सापडण्याचा दर एकत्र वापरून ही रेषा काढायचं गणित बसवलं, आणि उत्तर आलं की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ड्रायव्हरांसाठी ती खालच्या पातळीवर आहे, म्हणजे गोऱ्या माणसाच्या बाबतीत जेवढ्या संशयावर जाऊ दे म्हणतात तेवढ्यावर यांची डिकी उघडायला लावतात. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांत गांजा कायदेशीर झाल्यावर सगळ्यांच्याच झडत्या कमी झाल्या, पण रेषेतलं अंतर गेलं नाही.

पायी चालणाऱ्यांचं काय, तर न्यू यॉर्क. २००४ ते २०१२ या काळात तिथल्या पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यावर थांबवलं, ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा अंग चाचपलं आणि हत्यार सापडलं फक्त १.५ टक्के वेळा. हत्यार सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांमध्ये थोडं जास्तच होतं. कारण म्हणून फॉर्मवर 'संशयास्पद हालचाली' या चौकोनात टिक केली की काम भागायचं. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या प्रकारे राबवली जातेय ती घटनाबाह्य ठरवली. तेव्हा खूप ओरड झाली की आता खून वाढतील. २०११ मध्ये वर्षभरात ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना थांबवलं होतं, काही वर्षांत ते हजारांवर आलं, आणि २०१७ मध्ये त्या शहरात ३०० पेक्षा कमी खून झाले, २०११ मध्ये ५०० च्या वर होते. गुन्हे कमी व्हायला बाकी अनेक कारणं असतात हे मान्य, पण लाखो निरपराध पोरांना भिंतीला टेकवून उभं केल्याशिवाय शहर सुरक्षित राहत नाही हा दावा तरी खोटा ठरला.

एक वाद मात्र अजून गाजतो. अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी २०१६ मध्ये दाखवलं की धक्काबुक्की, बेड्या, बंदूक रोखणं यात कृष्णवर्णीयांवर जास्त बळ वापरलं जातं पण ह्यूस्टनच्या नोंदींत गोळीबारात वांशिक फरक दिसला नाही. हे दुसरं वाक्य लोकांनी उचलून धरलं. २०२० मध्ये डीन नॉक्स, विल लोव आणि जोनाथन मुमोलो यांनी पोलिसांच्या नोंदी वापरणाऱ्या अशा सगळ्या अभ्यासांतली मूळ अडचण दाखवली. नोंदीत येतात फक्त पोलिसांनी ज्यांना अडवलं ते. जर कृष्णवर्णीय लोकांना क्षुल्लक कारणांनी खूप जास्त अडवलं, तर त्यांच्या नोंदींमध्ये बिनधोक प्रसंगांची भर पडते, आणि दर शंभर प्रसंगांमागे बळ वापरण्याचं प्रमाण कमी दिसतं. म्हणजे पहिल्या पायरीवरचा अन्याय दुसऱ्या पायरीवरचा अन्याय लपवतो! मला हे वाचून खरंच हादरायला झालं, कारण बेरीज-भागाकार सगळा बरोबर असूनही उत्तर खोटं येऊ शकतं, फक्त भागाकाराच्या खालचा आकडा कुठून आला हे कोणी विचारलं नाही म्हणून.

आणि पोलिसांच्या याच नोंदी आता सॉफ्टवेअरला खायला घालतात. गुन्हा कुठे होईल ते आधीच सांगणारे प्रोग्रॅम आले तेव्हा लोक म्हणाले मशीनला रंग दिसत नाही. २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी ओकलंडच्या ड्रग्जच्या नोंदी अशा प्रोग्रॅमला देऊन बघितल्या. सर्वेक्षणांच्या अंदाजाप्रमाणे ड्रग्ज वापरणारे शहरभर पसरलेले होते, पण अटका काही गरीब, बिगरगोऱ्या वस्त्यांमध्येच एकवटलेल्या, आणि प्रोग्रॅम पोलिसांना परत त्याच वस्त्यांत पाठवत राहिला. तिथे पोलीस जास्त गेले की तिथेच जास्त सापडणार, ते परत नोंदीत जाणार. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर धाड टाकायची हे महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही ती सवय गेली नाही. आपल्याकडे तर नाकाबंदीत कुणाला थांबवलं याची समाजनिहाय नोंदच होत नाही, त्यामुळे वर सांगितलेली एकही परीक्षा इथे लावता येत नाही.

मग करायचं काय? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये असा निकाल दिला की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल तर पोलिसाच्या मनात दुसरा काही हेतू होता का हे बघायचं नाही. म्हणजे बंद पडलेला मागचा दिवा हे कायमचं निमित्त झालं. २०१६ मध्ये मिनेसोटात पोलिसाच्या गोळीने मारले गेलेले फिलँडो कॅस्टिल, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायचे, त्यांना त्याआधीच्या १३ वर्षांत किमान ४६ वेळा थांबवलं होतं आणि त्यातली बहुतेक कारणं अशी की बाहेरून बघून कळणारच नाहीत. म्हणून आता काही ठिकाणी थेट निमित्तावरच घाव घालतायत. व्हर्जिनिया राज्याने २०२१ पासून आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ पासून बंद दिव्यासारख्या किरकोळ कारणांसाठी गाडी थांबवायला बंदी घातली. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिल शहरात तर २०१३ ते २०१६ मध्ये पोलीस प्रमुख हॅरल्ड मेडलॉक यांनी स्वतःहून सांगितलं की दिवे आणि कागदपत्रं सोडा, ज्याने अपघात होतो ते पकडा, वेग, सिग्नल, दारू. नंतर राज्यातल्या इतर शहरांशी तुलना करून अभ्यास झाला तेव्हा दिसलं की अपघातातले मृत्यू आणि जखमी कमी झाले, थांबवलेल्यांमधला कृष्णवर्णीयांचा वाटा घटला, आणि गुन्हे वाढले नाहीत.