युरेनसच्या पोटात बर्फ किती?

हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एरवी एकटा प्रोटॉन असतो; त्याच्या जोडीला न्यूट्रॉन आला की होतो जड हायड्रोजन, म्हणजेच ड्यूटेरियम. विश्वातले बहुतेक सगळे ड्यूटेरियम महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतले आहे. ताऱ्यांत त्याची भर पडत नाही, उलट दहा लाख अंशांच्या आसपासच ते जळून जाते. सूर्याने आपल्या वाट्याचे ड्यूटेरियम बालपणीच हेलियम-३मध्ये बदलून टाकले. त्यामुळे ज्या वायूतून सूर्य घडला, त्याचा जुना हिशेब पाहायचा तर गुरूकडे जावे लागते, कारण ड्यूटेरियम जाळण्यासाठी गुरूच्या सुमारे तेरापट वस्तुमान लागते.

७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी गुरूच्या वातावरणात शिरली आणि हवाई छत्रीला लटकत सुमारे तासभर भोवतालच्या वायूचे मोजमाप पाठवत राहिली. दर लाख हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमचे साधारण २.६ अणू आढळले. युरेनस आणि नेपच्यूनवर मात्र, हर्शेल अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या दूर-अवरक्त वर्णरेषांवरून २०१३ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ४.४ आणि ४.१ निघाले.

ही जादा भर आली बर्फातून. सूर्यापूर्वीच्या मेघात, शून्याखाली अडीचशे अंशांहून अधिक थंडीत, ड्यूटेरियम एकदा जड रेणूत बसले की त्याला बाहेर काढण्याइतकी उष्णताच उरत नाही. हळूहळू ते पाण्याच्या बर्फात साठत जाते. (रायगड जिल्ह्यातील थळच्या जड पाणी प्रकल्पात हायड्रोजनमधून अमोनियात ड्यूटेरियम ओढून घेतात, ते याच ओढीच्या आधारे.) हॅलेच्या धूमकेतूच्या पाण्यात हे प्रमाण लाखामागे तीसच्या आसपास आहे.

खरी गंमत इथे आहे. हे दोन ग्रह ‘बर्फाळ महाग्रह’ म्हणवतात. पण धूमकेतूंसारखे बर्फ त्यांच्या पोटात भरपूर असते आणि ते वातावरणाशी पुरते मिसळले असते, तर चारच्या घरातला आकडा फारच कमी ठरतो. हर्शेलच्या अभ्यासकांनी उलटा हिशेब मांडला, तेव्हा बर्फाचा वाटा १४ ते ३२ टक्केच आला, म्हणजे खडकच वरचढ. अर्थात, आतला माल वरपर्यंत कधी नीट ढवळलाच गेला नसेल, तर हा हिशेब कोलमडतो, आणि मला तरी ही शक्यता सहज बाजूला सारण्यासारखी वाटत नाही.