मेट्रोचा ब्रेक लागतो तेव्हा पोटरी काय करते

बर्डीच्या स्टेशनात मेट्रो थांबायला लागते आणि डब्यात पुढे तोंड करून उभी असलेली माणसं एकदम पुढे झुकतात. पडत कुणी नाही. त्या क्षणी पायाची बोटं चपलेत रुततात आणि पोटरी हाताला दगडासारखी टणक लागते.

गेल्या महिन्यात धंतोलीत फिजिओथेरपिस्टने आईला पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. आई डोलायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. ही तपासणी आली कुठून, ते मी त्या रात्रीच वाचायला घेतलं.

तिचं मूळ बर्लिनचं. मोरिट्झ रॉम्बर्ग यांनी 1840 च्या दशकात लिहून ठेवलं, की मज्जारज्जूचा आजार असलेले काही रुग्ण डोळे उघडे असेपर्यंत ठीक उभे राहतात, मिटले की डोलतात. पायांकडून वर जाणारी खबर त्यांच्यात तुटलेली असते, ती उणीव डोळे भरून काढतात.

पण तोल सांभाळायला पोटरीच का? कारण शरीराचा भार घोट्याच्या थोडा पुढे पडतो. उभा माणूस सतत पुढे पडायच्या बेतात असतो, त्याला मागून कुणीतरी ओढून धरावं लागतं. जोसेफ आणि नाइटिंगेल यांनी 1952 मध्ये पायाच्या स्नायूंतली विद्युत हालचाल नोंदवली, तेव्हा नुसतं उभं असतानाही पोटरी कामावर होती, नडगीपुढचा स्नायू बहुतेक गप्प.

स्नायू ताणला की आपोआप आकसतो, हे लिडेल आणि शेरिंग्टन यांनी 1924 मध्ये दाखवलं होतं. तोलाचं कोडं तेवढ्यावर सुटल्यासारखं वाटत होतं.

त्याला धक्का दिला लुइस नॅशनर यांनी, 1976 मध्ये. त्यांनी माणसांना हलत्या फळीवर उभं केलं. फळी अचानक मागे सरकली की शरीर पुढे जातं, पोटरी ताणली जाते. ती आकसली की माणूस सावरतो. मेट्रोच्या ब्रेकसारखंच हे. मग त्यांनी फळी न सरकवता नुसती बोटांच्या बाजूने वर उचलली. पोटरी आताही ताणली गेली, पण या वेळी ती आकसली तर माणूस आणखी मागे ढकलला जातो. पहिल्यांदा तसंच झालं. तीन ते पाच धक्क्यांत मात्र पोटरीचं उत्तर मंदावलं. सेकंदाच्या साधारण आठव्या भागात येणारं हे उत्तर अनुभवाने बदलतं! मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पुढे 2004 मध्ये लोराम, मॅगानारिस आणि लाकी यांनी उभ्या माणसाची पोटरी सोनोग्राफीने पाहिली. शरीर पुढे झुकताना तिचे तंतू लांबण्याऐवजी आखूड होत होते. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर (टेंडन) स्प्रिंगसारखी ताणली जाते, म्हणून हे शक्य होतं. पोटरी ताण पडायची वाट बघत बसत नाही, ती आधीच खेचू लागते.

हाताला भक्कम आधार मिळाला की पायांचं हे उत्तर कमी होतं आणि हात ते काम उचलतात, हेही नॅशनर यांच्या प्रयोगांत दिसलं. आई आता कणीक मळून झाली की ओट्याशी उभी राहून टाचा उचलते, दहा-दहा वेळा. ओटा धरायचा नाही, बोटं नुसती टेकवायची, असं तिला सांगितलंय. मी मागे उभी असते.