मशीन का उडतं? आउटपुट स्टेजची पार्श्वभूमी

वरात ऐन चौकात आली आणि डीजे मुका झाला, की आपल्याकडे दोन कारणं ठरलेली. एक, 'लाईट कमी-जास्त झाली'. दुसरं, 'मशीनच हलकं होतं'. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि त्यातला स्पीकरला ताकद देणारा शेवटचा भाग म्हणजे आउटपुट स्टेज. मागच्या बाजूला एकाला एक जोडून किती बॉक्स लावले होते, हे मात्र कुणी मोजत नाही. ८ ओहमचे चार बेसचे बॉक्स समांतर जोडले की मशीनला दिसतात फक्त २ ओहम. ओहम म्हणजे करंटला होणारा विरोध; तो जितका कमी, तितका करंट जास्त. गडबड तिथेच असते, आणि तिचं मूळ बरंच मागे जातं.

आधी कर्ण्याचा जमाना घ्या. गावात हरिनाम सप्ताह बसला की एक कर्णा देवळावर, एक लिंबाच्या झाडाला, एक वेशीपाशी. मशीन एका कोपऱ्यात आणि वायर गावभर. हे जमायचं ते १०० व्होल्टच्या लाईनमुळे. कर्ण्यातल्या १० वॅटच्या युनिटचा ट्रान्सफॉर्मर त्या लाईनवर १००० ओहमचा भार टाकतो. असे दहा कर्णे लावले तरी १०० ओहम, म्हणजे जेमतेम १ अँपिअर. बारीक वायर चालायची.

मशीनच्या आतली गोष्टही तशीच होती. आरसीए या अमेरिकी कंपनीने १९३६ साली आणलेल्या ६एल६ सारख्या व्हॉल्व्हला, म्हणजे काचेच्या किंवा धातूच्या नळीला, व्होल्ट भरपूर लागतात, करंट थोडा. त्याला समोर काही हजार ओहम हवेत, आणि स्पीकर तर आठ-सोळा ओहमचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो जड आणि महाग, पण मेहनतीचं सगळं काम तोच करायचा.

कमी ओहमचा भार डीजेने आणला असं समजतात, ते खरं नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी खेड्यांत वीज उशिरा पोचली. प्रचाराच्या जीपवर, जत्रेतल्या बैलगाडीवर चालायचं ते बॅटरीचं मशीन. आता हिशेब बघा. बॅटरी १२ व्होल्टची आणि काढायचे ५० वॅट. यात व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर, आणि ते पुशपुल, म्हणजे आळीपाळीने चालणारे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक अर्ध्या बाजूला ट्रान्झिस्टरला दिसतात साधारण दीड ओहम, आणि शिखरावर करंट जातो ८ अँपिअरच्या वर. कर्ण्याकडे १०० व्होल्टची लाईन असली तरी आतला ट्रान्झिस्टर दीड ओहमचाच भार ओढत होता. ट्रान्सफॉर्मरमुळे ते बाहेरून दिसायचं नाही, एवढंच.

हे ओझं पेललं ते बहुतेक वेळा २एन३०५५ ने. आरसीएचा हा ट्रान्झिस्टर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. शंकरपाळ्याच्या आकाराचा धातूचा तळ, दोन कोपऱ्यांना स्क्रूची भोकं, वर टोपी. ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅट. मात्र कागदावरच्या १५ अँपिअरवर जाऊ नका. त्याच्या डेटाशीटमध्ये ४ अँपिअरला गेन, म्हणजे आत दिलेला करंट किती पट होतो तो आकडा, किमान २० आहे आणि १० अँपिअरला किमान ५. म्हणजे १० अँपिअर हवे असतील तर ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालवणाऱ्या पायाला, २ अँपिअर द्यायची तयारी ठेवा. ते कोण देणार? त्याच्यामागचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर. आणि त्या ड्रायव्हरला? आणखी एक.

आउटपुट स्टेजची रचना या प्रश्नाभोवतीच वाढत गेली. सिडनी डार्लिंग्टन यांनी १९५३ मध्ये एकामागे एक ट्रान्झिस्टर जोडण्याचं पेटंट घेतलं. १९५६ मध्ये आरसीएमधल्या एच. सी. लिन यांनी वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना सारखेच आउटपुट ट्रान्झिस्टर घालून ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारं सर्किट मांडलं. दमदार सिलिकॉन पीएनपी, म्हणजे उलट दिशेने करंट वाहणारे जोडीदार ट्रान्झिस्टर, पुढेही बराच काळ दुर्मीळच होते, म्हणून ही युक्ती टिकली. मग जेबीएल या स्पीकर कंपनीच्या बार्ट लोकांथी यांनी १९६० च्या दशकात एकामागे एक तीन ट्रान्झिस्टरच्या पायऱ्यांची रचना केली. भार कितीही खाली गेला तरी मागच्या स्टेजला त्याची झळ लागू नये, हा तिचा उपयोग. आजही २ ओहमसाठी मशीन बांधणारा माणूस तिथूनच सुरुवात करतो.

ट्रान्सफॉर्मर गेला, आवाज सुधारला, वजन घटलं. पण बॉक्स आता थेट ट्रान्झिस्टरच्या अंगावर आला. दोन्ही बाजूंना ४५ व्होल्टचा सप्लाय असलेलं मशीन ८ ओहमला सुमारे १०० वॅट देतं, करंट शिखरावर ५ अँपिअर. तेच २ ओहमवर चालवलं तर २० अँपिअर. ट्रान्झिस्टरमध्ये मुरणारी उष्णता सर्वांत वाईट वेळी ८ ओहमला ५० वॅटच्या आसपास, २ ओहमला २०० च्या पुढे. आणि हे सगळं स्पीकर म्हणजे साधा रेझिस्टर आहे असं धरून. खऱ्या बॉक्समध्ये करंट आणि व्होल्टेज एकत्र चढत-उतरत नाहीत. ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज जास्त असतानाच करंटही जास्त, असे क्षण येतात. त्या क्षणी ट्रान्झिस्टरच्या आत एखादाच ठिपका तापतो आणि तिथेच तो शॉर्ट होतो. फ्यूज उडेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

आता आपल्याकडच्या दुकानांत राज्य आहे ५२००-१९४३ च्या जोडीचं, म्हणजे २एससी५२०० आणि २एसए१९४३. २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅट, आणि ७ अँपिअरलाही गेन किमान ३५. जुन्या ३०५५ पुढे हे फारच मोठं सुख. पण ते १५० वॅट ट्रान्झिस्टरची केस, म्हणजे बाहेरचं आवरण, २५ अंशांवर असेल तर! परभणीत मे महिन्यात सावलीतच ४३-४४ अंश असतात. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, त्याच्यावर तीसेक अंश चढला की केस ७५ ला जाते आणि ट्रान्झिस्टरकडे उरतात ९० वॅट. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यातली अभ्रकाची चकती नीट बसली नसेल तर आणखी कमी. म्हणून २ ओहमला तीन-चार जोड्या समांतर लावतात, आणि प्रत्येकीच्या एमिटरला, म्हणजे करंटच्या वाटेतल्या एका पायाला, ०.२२ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे एकच जोडी सगळा भार ओढत बसणार नाही.

एकदा एका मशीनमध्ये मी चारही जोड्या नव्या टाकल्या आणि पहिल्याच कार्यक्रमात त्या गेल्या. रागाने एकाची काळी टोपी पकडीने फोडली. आत तांब्याच्या पट्टीवर सिलिकॉनचा तुकडा होता, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. शेजारी जुन्या मशीनमधला अस्सल फोडून ठेवला, तर त्यातला तुकडा कितीतरी मोठा. छाप मात्र दोघांवर सारखाच. तेव्हापासून घेण्याआधी वजन, पायांची जाडी आणि अक्षरांची छपाई बघतो. तरी कधीमधी फसतोच.

आता क्लास डी मशीन आली आहेत. त्यांत मॉसफेट, म्हणजे एक प्रकारचे ट्रान्झिस्टर, फक्त चालू-बंद होतात, म्हणून उष्णता फारच कमी, आणि काही तर २ ओहमचीच म्हणून विकली जातात. पण ती बिघडली की बोर्डच बदलावा लागतो, म्हणून लातूर-नांदेडकडची कितीतरी साऊंडवाली मंडळी जुनी जड मशीनच सांभाळून आहेत. त्यांचं मशीन दुरुस्तीला घेताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: बेस किती लावता, आणि कसे?